शनिवारचं काम

हौसाक्कानं आमटीची वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तशीच ताटाबाहेर ठेवली.

"मैपती, तू हुंग बरं," ती धाकट्या भावाला म्हणाली. "चिखलाचा वास मारतोय का न्हाई ह्याला? कुजल्याला चिखल. आनि त्यो म्यानेजर रेडेकर म्हनतोय, आजी, तुमचं नाक गेलंय."

बऱ्याच महिन्यांनी बहिणीला भेटायला आलेल्या महिपती भोईनं वाटी हुंगली. आमटी बिचारी निर्दोष होती; खोबरं नीट भाजलेलं, चिंच बेताची. वास आमटीत नव्हता, सगळ्या जेवणघरातच होता. वरून मोगऱ्याचा फवारा मारलेला, आणि त्या मोगऱ्याखालून हळूच डोकं वर काढणारा. चाळीस वर्षं माशांच्या टाक्या घासलेल्या माणसाला हा वास ओळखायला दुसरा श्वास लागत नाही. पहिल्याच श्वासाला महिपतीनं हातातला भाकरीचा घास खाली ठेवला.

आक्का खोकायला लागली. दोन महिने ती अशीच खोकत होती, कोरडी, थांबता थांबेना अशी. डॉक्टरांनी वय सांगितलं. 'सावलीघर' नावाच्या त्या वृद्धाश्रमात तीस म्हातारी माणसं राहत, त्यांतली दहा-बारा तरी त्याच सुरात खोकत होती, आणि सगळ्यांना निदान एकच मिळालं होतं, वय. वय हा फार सोयीचा आजार आहे. त्यावर कुणाला औषध शोधावं लागत नाही.

वासाचा उगम शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. जेवणघराची पूर्वेची अख्खी भिंत काचेची होती, तीस फूट लांब आणि माणूसभर उंच, आणि तिच्यात पाणी होतं. आत हिरवीगार पाणवनस्पती, मधे काळे दगड, लाल-निळे चिमुकले मासे. काच अशी स्वच्छ की तिथं काच आहे हे सांगावं लागे. कोल्हापूरचा उन्हाळा त्रेचाळीसच्या पुढं सरकला, वीज वाचवायला दुपारचे एसी बंद करायचा हुकूम निघाला, आणि तेव्हापासून अशा जलभिंतींची चलती झाली होती. बाहेरची तापलेली हवा भिंतीच्या मागच्या कप्प्यात ओढायची, पाण्यावरून आणि तुषारांतून खेळवायची, आणि गार करून खोलीत सोडायची. 'नितळधारा' कंपनीची भिंत तर कायमची बंद. 'ना घासणं, ना उपसणं' अशी तिची जाहिरात होती.

काचेखाली पितळी पाटी होती: 'महिपती पद्धत'. हा महिपती म्हणजे आमटी हुंगणारा हाच. आणि ती पद्धत यंत्रात भरणारी मुलगी म्हणजे त्याची लेक, ऋतुजा. आई गेल्यावर तिला हौसाक्कानं वाढवली होती. आपल्या भाचीची भिंत घाण मारते हे आक्का चारचौघांत कशी बोलणार? म्हणून भिंत बसल्यापासूनचे सात महिने ती फक्त आमटीला नावं ठेवत होती.

महिपती उठून काचेजवळ गेला. पानांची हालचाल बघत राहिला. पानं बरोबर हलत होती. कीर्तनात म्हातारा मान डोलावतो तेवढीच, ना कमी ना जास्त.

त्याची सगळी विद्या ह्या डोलण्यातच होती, आणि तिच्यामागचं शास्त्र त्याला पुढं लेकीनं सांगितलं. पाण्यातल्या पानाला पाण्याचाच एक पातळ थर चिकटून असतो. तो हलत नाही. पानाला लागणारा कार्बन डायऑक्साइड आणि खत त्या थरातून मुंगीच्या पावलांनी आत शिरतं. पाणी खेळतं राहिलं की थर पातळ होतो, पान पोटभर जेवतं, आणि शेवाळाला ताटात काही उरत नाही. पाणी थांबलं की पान उपाशी राहतं, गाळ बसतो, कुजतो, अमोनिया सुटतो, आणि मरगळलेल्या पानावर शेवाळ चढतं. बरं, म्हणून धोधो धार सोडावी तर तिथं काळ्या केसांसारखं दुसरंच शेवाळ धरतं. आणि जिथं पाणी पार मेलेलं असतं, त्या कोपऱ्यात निळं-हिरवं बुळबुळीत कातडं पसरतं. लोक त्यालाही शेवाळच म्हणतात. खरं तर ते जिवाणू, पृथ्वीवरचे फार जुने रहिवासी. त्यांतले काही विष तयार करतात, आणि बरेचसे तो चिखलाचा वास.

नितळधारानं महिपतीच्या हातांची दोन वर्षं नोंद घेतली होती. बोटांची प्रत्येक हालचाल टिपणारे हातमोजे घालून तो टाक्यांत हात फिरवायचा. कुठं धार वळवतो, कुठं गाळ लोटतो, कुठं पाणी निवळू देतो. त्या नोंदीवर ऋतुजाचं यंत्र शिकलं. आता भिंतीतल्या चोवीस बारीक तोंडांतून पाणी सुटायचं आणि महिपतीच्या हातासारखंच वळायचं. समोरच्या कॅमेऱ्यांना जितकं नितळ दिसेल तितकी यंत्राला शाबासकी, असा हिशेब होता.

तेवढ्यात एक पिकलं पान देठापासून सुटलं. ते थोडं वर गेलं, एक गिरकी घेतली, तळाशी आलं आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून न्यावं तसं डाव्या कोपऱ्याकडं निघालं. तिथं काळा दगड होता. दगडामागं मोठ्या भोकांची जाळी होती, ती मागच्या कप्प्यात उघडायची. पान दगडाला वळसा घालून गेलं ते परत आलं नाही. पाठोपाठ माशांच्या विष्ठेचा एक दोरा गेला, मग एक मेलेली गोगलगाय.

ती लकब महिपतीचीच होती.

बड्या लोकांच्या बंगल्यांत टाक्या साफ करताना तो हेच करायचा. मालकीणबाई ओरडायच्या, "अहो, पाहुणे दारात आलेत, आटपा!" उपसायला वेळ कुठला? तो तळहात सुपासारखा करून सगळा गाळ डाव्या कोपऱ्यातल्या दगडामागं लोटायचा. दहा मिनिटांत समोरून टाकी लख्ख. वरून कीर्तन, आतून तमाशा. पण शनिवारी तो नळी आणि बादली घेऊन पुन्हा जायचा, दगड उचलायचा आणि तोंडानं नळी ओढून ती घाण उपसून काढायचा. कधी घोटभर तोंडातही जायची. ह्या शनिवारच्या कामाची नोंद कुठल्याच हातमोज्यात नव्हती. यंत्र लपवायला शिकलं होतं, उपसायला नाही.

त्यानं रेडेकरांना गाठलं. सावलीघराचे हे व्यवस्थापक नाकानं कांदे सोलणारे गृहस्थ होते.

"मागचा कप्पा उघडा," महिपती म्हणाला. "आत सडलंय."

"मामा, ती भिंत सीलबंद आहे," रेडेकर गोड हसले. "पाण्याची सगळी मापं हिरव्यात आहेत. आणि म्हाताऱ्या माणसांना काहीही वास येतात हो. कालच एकांना रॉकेलचा आला होता. शनिवारी सरकारी समिती येतीय, तुमचा सत्कार आहे. फेट्याचा रंग कुठला सांगू?"

बोलता बोलता त्यांनी मोगऱ्याची बाटली उचलली आणि महिपतीच्या डोक्यावरून दोन फवारे मारले. त्या माणसाची महिपतीला शिसारी आली.

आक्काला तो तिथल्या तिथं घरी न्यायला निघाला, तर ती हलायला तयार होईना. "मला एकटीला न्हेऊन काय करतोस? ह्या एकोनतीस जनांचं काय? त्येंना कोन भाऊ हाय?" एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि बराच वेळ नुसता श्वास ओढत राहिली. तिच्या गळ्याखालचा खड्डा आत जात होता, बाहेर येत होता. महिपतीनं तो बघितला आणि थेट लेकीचं ऑफिस गाठलं.

ऋतुजानं वडिलांना बसवलं, पाणी दिलं, पडदा उघडून दाखवला. दोनशे अकरा भिंती, शाळांत, दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत. सगळ्या हिरव्या.

"मागच्या डाव्या कोपऱ्यात माप हाय?" महिपतीनं विचारलं.

"तिथं नाही बसवलं, आप्पा. माप घेणाऱ्या सेन्सरला वाहतं पाणी लागतं. तिथं प्रवाहच नाही."

बोलून झाल्यावर ती स्वतःच थांबली. तिनं सावलीघराच्या प्रवाहाचा नकाशा काढला. निळ्या रेघा सगळीकडं फिरत होत्या आणि एका कोपऱ्याजवळ येऊन विरत होत्या. तिनं दुसरी भिंत काढली, तिसरी, दहावी. दोनशे अकरा भिंती आणि सगळ्यांचा डावा कोपरा मेलेला. ती हुशार होती. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आत्तीला खोकला कधीपासून आहे?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"दोन म्हैनं. हवा त्याच कप्प्यावरनं येती, ऋतू. ती घान त्या लोकांच्या छातीत चाललीय."

ऋतुजा उठून खिडकीशी गेली. शनिवारच्या समितीनं होकार दिला की राज्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत ही भिंत लागणार होती. आठ वर्षांचं काम. ती वळली तेव्हा तिचा चेहरा नीट आवरलेला होता.

"शनिवार जाऊ दे, आप्पा. पाहुणे एकदा जाऊ देत. सोमवारी मी स्वतः उघडते."

हे वाक्य महिपतीचं होतं. पाहुणे जाऊ देत, मग काढू. चाळीस वर्षं तो हेच म्हणत आला होता, आणि लेकीनं ते त्याच्यासारखंच, हात जरासा हलवून म्हटलं होतं. यंत्र शिकलं त्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर येऊन गटारीच्या कडेला त्यानं सकाळचा चहा ओकून टाकला.

शनिवारी सकाळी त्यानं माळ्यावरची जुनी नळी काढली. पिशवीत नळी, पेचकस आणि एक बादली घेऊन तो सावलीघरात गेला. दारातल्या पोरींना वाटलं, मामा सत्काराचा नारळ न्यायला पिशवी घेऊन आले.

जेवणघर सजवलं होतं. समिती पुढच्या रांगेत, म्हातारी माणसं धुतलेल्या कपड्यांत मागच्या रांगांत. मोगरा इतका फवारला होता की डोळे चुरचुरत होते. एका काचेच्या पेटीत महिपतीचे ते हातमोजे मांडले होते, खाली मखमल. समितीचे प्रमुख भिंतीकडं बघून "वा, वा!" म्हणत होते आणि मधूनच नाकाला रुमाल लावत होते. वास त्यांनाही येत होता. मागच्या रांगेत आक्काचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि तिला दवाखान्यात पाठवायचं सोडून रेडेकर खुणेनं बाहेर व्हरांड्यात बसायला सांगत होते, भाषणात व्यत्यय नको म्हणून. ती उठली नाही.

महिपतीला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. 'दोन शब्द' म्हणून माइक पुढं केला.

"ह्ये यंत्र माझा चेला हाय," तो म्हणाला. "गुनी हाय. मी जे दाखवलं ते त्यानं जसंच्या तसं उचललं. पर मी त्याला अर्धंच शिकवलंय. उरल्यालं अर्धं आज शिकवतो. शनवार हाय नव्हं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मामा गमतीत बोलतायत. महिपती भिंतीच्या डाव्या टोकाला गेला, खांद्यावरची शाल काढून खाली अंथरली, तिच्यावर गुडघे टेकले आणि मागच्या कप्प्याच्या पत्र्याचे स्क्रू काढायला लागला. तिसऱ्या स्क्रूला रेडेकर धावले. "मामा, अहो मामा, सील तुटेल!" पाचव्याला त्यांनी त्याचा दंड धरला. महिपतीनं नुसतं वर बघितलं, आणि त्यांनी दंड सोडला. ऋतुजा पहिल्या रांगेत उभी राहिली होती, पण तिनं त्याला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

पत्रा निघाला तसा वास बाहेर आला. मोगरा कुठल्या कुठं गेला. नासलेली अंडी, तुंबलेली मोरी आणि कुजका चिखल असं सगळं एकदम अंगावर आलं. कप्प्यातल्या पाण्यावर निळं-हिरवं कातडं धरलं होतं, दुधावरच्या सायीसारखं जाड. ते मधेच फुगायचं आणि बुडबुडा फुटून बसायचं. महिपतीनं बोटानं कडा उचलली तर सगळं एका तुकड्यात लोंबत वर आलं, खालून काळा रेंदा गळायला लागला, आणि त्या रेंद्यात माशांचे सांगाडे, गोगलगायींचे शंख आणि हलणाऱ्या बारीक लाल अळ्या होत्या. आणि ह्या सगळ्याच्या वर एक वीतभर अंतरावर हवा ओढणारा पंखा आपला इमानेइतबारे फिरत होता, तुषार उडवत होता आणि गार हवा जेवणघरात सोडत होता.

समिती उठली. उठली म्हणजे पळाली. एका साहेबांनी दारातल्या तुळशीच्या कुंडीत ओकलं. रेडेकर मोगऱ्याची बाटली दाबत होते, आणि ती संपली होती.

म्हातारी माणसं मात्र जागची हलली नाहीत. आक्का खुर्चीच्या दांडीला धरून उभी राहिली.

"आता आला नव्हं वास?" ती दाराकडं बघून म्हणाली. पुढं तिला एका श्वासात दोन शब्दांच्या वर जमेना. "सात म्हैनं... आमी ह्यातच... जेवलोय."

मग ती खाली बसली ती घसरूनच. तिचे ओठ निळे पडले होते. पंखा आधी ऋतुजानं बंद केला, तारच उपटून. तिनं गाडी बोलावली, आत्तीला उचलून व्हरांड्यातल्या उन्हात नेलं, आणि ऊन त्रेचाळीस अंशांचं असलं तरी तिथली हवा निदान हवा होती. गाडी येईपर्यंत तिनं तिथंच उभं राहून फोन लावला. "सगळ्या दोनशे अकरा. हवा बंद करा. आत्ता. नाही, शनिवार नाही, सोमवार नाही, आत्ता." पलीकडून कंपनीचे मोठे साहेब काहीतरी सांगत होते, जास्त दमाचा सुगंध बाजारात आलाय, असं काहीसं. तिनं फोन बंद केला.

गाडीतून आक्का गेली, सोबत तिथली नर्स गेली. मागच्या गाडीनं निघायच्या आधी ऋतुजा आत आली. महिपती फेटा घातलेलाच, कोपरापर्यंत हात घालून उपसत होता. बाकीच्या खोल्यांची दारं ह्याच जेवणघरात उघडत, म्हणून तो थांबला नव्हता.

"आप्पा, मी काल रात्रभर नोंदी बघितल्या," ती म्हणाली. "दोन वर्षांत प्रत्येक शनिवारी हातमोजे बंद आहेत. मला वाटायचं, सुट्टी घेता. हेच करत होता ना?"

"व्हय."

"मग मोजे का काढायचा? हे एकदा जरी टिपलं असतं तरी यंत्राला कळलं असतं की हे काढावं लागतं. मी मागं दार ठेवलं असतं."

महिपतीनं भरलेली बादली कडेला सरकवली.

"ते मोजे संध्याकाळी तू घालायचीस," तो म्हणाला. "नोंद बरोबर आली का बघायला. वास लागला असता त्यास्नी. तुला वास चालत न्हाई."

"मी कधी म्हटलं?"

"पाचवीत हुतीस. गॅदरिंगला. मी तुझी वेनी नीट कराय गेलो, तर सगळ्या पोरींफुडं म्हनालीस, शी, आप्पा, हात लावू नका, वास येतोय."

ऋतुजाला ते आठवत नव्हतं. किंवा त्या क्षणापर्यंत आठवत नव्हतं. मग ती त्या काचेच्या पेटीकडं गेली, मखमलीवरचे हातमोजे उचलले, एक स्वतःच्या हातात चढवला आणि दुसरा वडिलांपुढं धरला. नोंदीचा बारीक दिवा लागला. बापलेकीनं मिळून तो कप्पा तळापर्यंत उपसला. पहिल्यांदा हात घातला तेव्हा तिला उमासा आला, दुसऱ्यांदाही आला, आणि पुढं ती मोजायचं विसरली.

दवाखान्यात पोहोचायला त्यांना दुपार झाली. आक्काच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. फुप्फुसाचं जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ह्या वेळी वय हा शब्द त्यांनी वापरला नाही. ऋतुजानं आत्तीच्या तोंडावरची केसांची बट मागं सारली. आक्काचं नाक हललं.

"हाताला वास येतोय गं."

"चारदा धुतला, आत्ती. जात नाही."

"साबनानं जात न्हाई त्यो," महिपती कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाला. "चिंच चोळायची. मग कोरड्या पिठात हात घालून बसायचं, अर्धा तास. तुझ्या गॅदरिंगला यायच्या आदी मी तसंच बसलो हुतो."

ऋतुजा त्याच्याकडं वळली. "आणि तरी आला वास?"

"आला की."

तिनं स्टुलाशेजारी खाली बसून त्याचा हात हातात घेतला. मग दोघंही तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या मधल्या हवेत तो वास होता.